आम्लाची टाकी आणि तिच्या जोडण्या

कोराडी किंवा चंद्रपूर येथील औष्णिक वीजकेंद्रांची नावे तुम्ही ऐकली असतील. अशा केंद्रातील बाष्पित्रात नदीचे किंवा धरणाचे पाणी जसेच्या तसे वापरता येत नाही. त्यातील लवणांचे थर नळ्यांत बसतात. म्हणून आयन-विनिमय करणाऱ्या मण्यांमधून पाणी जाऊ देऊन लवणे काढून टाकतात. हे मणी काही काळाने निकामी होतात व त्यांना पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी आम्ल व अल्कली लागते. त्यासाठी सामान्यतः ३० ते ३३ टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचा द्राव टाक्यांत साठवून ठेवतात.

हायड्रोक्लोरिक आम्ल उघड्या लोखंडाच्या टाकीत ठेवले तर काय होईल? लोखंडाचे क्लोराइड बनेल आणि हायड्रोजन वायू बाहेर पडेल. टाकीही जाईल व स्फोटाचा धोकाही निर्माण होईल. यावर एक उपाय म्हणजे काचतंतू व कृत्रिम राळ यांची टाकी. कारखान्यांत तिला ‘एफ.आर.पी.’ची टाकी म्हणतात. परंतु टाकीची भिंत चांगली असणे पुरेसे नाही. द्रव आत घेण्याची व बाहेर काढण्याची नॉझल, फ्लँज आणि झडपा हीच गळतीची ठिकाणे असतात. त्यांची निवड कशी करावी, हे पाहू.

राळ कोणती?

या पदार्थात कामाची वाटणी असते. बळ काचतंतूंचे आणि रसायनापासून संरक्षण राळेचे. म्हणून द्रवाला लागून असलेल्या सर्वांत आतल्या पातळ थरात वजनाने सुमारे ९० टक्के राळच असते. त्यामागे तुकड्यांच्या काचतंतूंचा, अजूनही राळ अधिक असलेला थर असतो आणि त्याच्या बाहेर भरपूर काच असलेला, भार सोसणारा थर असतो.

साध्या पॉलिएस्टर राळेत एस्टर बंध पुष्कळ असतात. अल्कली हे बंध तोडते. साबण तयार होताना तेलाचे जे होते, तोच हा प्रकार. व्हिनिल एस्टर राळेत असे बंध कमी असतात, म्हणून ती आम्ल व अल्कली दोन्हींत अधिक टिकते. कॉस्टिक सोडा काचेलाही खातो. त्यामुळे त्याच्या टाकीत व जोडण्यांत सर्वांत आतला पडदा काचेऐवजी कृत्रिम तंतूंचा घेतात. हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते.

मात्र एक गंमत लक्षात ठेवा. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल या राळांचा नाश करते, पण साध्या पोलादाच्या टाकीत ते साठवता येते. कारण पोलादावर लोह सल्फेटचा संरक्षक थर जमतो. तेच आम्ल पाणी घालून विरल केले, की पोलाद झिजू लागते आणि एफ.आर.पी. उपयोगी पडते! म्हणून ‘आम्लरोधक’ एवढे लेबल पुरत नाही. द्रव कोणता, त्याची तीव्रता किती व तापमान किती, ही तिन्ही उत्तरे हवीत.

भोक पाडले की

टाकीत आम्लाची उंची ४ मीटर आणि घनता दर घनमीटरला १,१५० किलोग्रॅम आहे असे माना. तळाशी दाब = ४ × १,१५० × ९.८ = ४५,०८० न्यूटन प्रति चौरस मीटर. तेथे १० सेंटिमीटर व्यासाचे नॉझल झाकणाने बंद केले, तर झाकणावर सुमारे ३५४ न्यूटन, म्हणजे ३६ किलोग्रॅम वजनाइतके बल येते.

हे बल फार नाही. खरी अडचण भोकाची आहे. एका दिशेने ताणलेल्या रुंद सपाट पत्र्याला लहान गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते, हे किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले. टाकीच्या भिंतीत भोक पाडताना भार वाहणारे तंतूही तुटतात. म्हणून नॉझलभोवती काचतंतूंचे जादा थर देऊन भिंत जाड करतात.

तुटलेल्या तंतूंची टोके उघडी राहिली, तर तंतूंच्या कडेने केशाकर्षणाने आम्ल भिंतीच्या आत शिरते. आम्ल आणि ताण एकत्र आले, की साध्या काचेचे तंतू तडकू लागतात. म्हणून प्रत्येक कापलेली कड राळेने बंद केलीच पाहिजे.

हे घरी पाहता येईल. सुती कापडाच्या दोन अरुंद पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. कडेने कापड उघडे राहू देऊ नका. एका पट्टीचे खालचे टोक कापून उघडे करा, दुसरीचे मेणाने बंद करा. दोन्ही टोके शाईच्या पाण्यात बुडवा. थोड्या वेळाने कोणत्या पट्टीत रंग चढतो ते पाहा.

जोडणी करताना

पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे, हाताने थर देऊन बनवलेल्या एफ.आर.पी.चा त्याच्या दुपटीच्या आसपास, ०.००००२५ धरू. १० मीटर लांबीचा नळ ३० अंशांनी तापला, तर पोलाद ३.६ मिलिमीटर वाढेल, एफ.आर.पी. ७.५ मिलिमीटर. ही वाढ नॉझलला ढकलू नये म्हणून मध्ये लवचीक जोड ठेवतात, आणि जड झडपेला खालून स्वतंत्र आधार देतात.

पोलाद जास्त ताणले तर आधी वाकते, एफ.आर.पी. तडकते. म्हणून सपाट फ्लँजसमोर सपाटच फ्लँज, मध्ये पूर्ण तोंडभर मऊ रबराची गॅस्केट, बोल्टखाली वॉशर, आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळणे, हा नियम पाळतात. ‘अजून एक वेढा’ म्हणून पान्यावर जोर दिला, की गळती थांबण्याऐवजी फ्लँजला चीर पडते. अशा फ्लँजजवळून ये-जा करणाऱ्या कामगाराचे डोळे व त्वचा त्या एका चिरेवर अवलंबून असतात.

विचार करा

१. टाकीची रुंदी दुप्पट केली, पण आम्लाची उंची तीच ठेवली, तर तळाच्या झाकणावरील बल किती होईल?

२. टाकी व्हिनिल एस्टरची, पण नॉझल साध्या पॉलिएस्टरचे. कॉस्टिक सोडा भरल्यास आधी काय निकामी होईल?

३. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीजवळचे साधे लोखंडी बोल्ट आम्लाचा थेंबही न पडता का गंजतात?