मोठी चाके आणि मायलेजचा हिशेब

मोटारीची कंपनीने दिलेली चाके काढून त्यांच्या जागी मोठ्या मापाची मॅगव्हील बसवली की मायलेज घटते, ही वाहनधारकांमधील समजूत ढोबळमानाने खरी असली तरी अपुरी आहे. कारण इंधनाचा खर्च रिमच्या इंचांमुळे वाढत नसून चाकाचे वजन, टायरची रुंदी व घडण आणि चाकाचा एकूण बाह्य व्यास यांच्यामुळे बदलतो, आणि यांतील शेवटची गोष्ट तर मोजणारे साधनच चुकवते. नवी मुंबईत एकाच दिवशी गाडी ठाणे–बेलापूर रस्त्यावरचे सिग्नल, महापे–शिळफाट्याकडची रांग आणि पाम बीच मार्गाचा मोकळा पट्टा अशा तीन निरनिराळ्या परिस्थितींतून जात असल्याने या कारणांचा एकमेकांत गुंता होतो, आणि तो सोडवल्याशिवाय चाकांवर हजारो रुपये खर्च करणे योग्य नव्हे.

टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचता येणे ही पहिली पायरी होय. 185/65 आर15 या मापात 185 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी असते, 65 म्हणजे त्या रुंदीच्या 65 टक्के इतकी टायरच्या कडेची, अर्थात साइडवॉलची, उंची असते आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास असतो. त्यावरून साइडवॉल सुमारे 120 मिलिमीटर आणि संपूर्ण चाकाचा व्यास 621 मिलिमीटरच्या आसपास निघतो. याच गाडीला 195/55 आर16 बसवले तर रिम एक इंचाने वाढूनही एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, कारण साइडवॉल तेवढी आखूड होते. परंतु 205/60 आर16 बसवल्यास व्यास 652 मिलिमीटरवर जातो, म्हणजे सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. दोन्ही ‘सोळा इंची’च, तरी गाडीवरील परिणाम मात्र पूर्णपणे वेगळे.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबात वापरात आलेली जुनी हॅचबॅक आधीच्या मालकाने अशाच 205/60 मापाच्या चाकांवर आणून ठेवलेली होती. चालकाच्या दारालगतच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर मात्र मूळ 185/65 हेच माप व त्याची हवा लिहिलेली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचे टायर चाकाच्या कमानीतील काळ्या प्लॅस्टिकच्या अस्तराला घासत असल्याने तेथे बोटभर रुंदीचा गुळगुळीत, चकाकणारा पट्टा पडला होता. टाकी फुल करून पुन्हा फुल करण्याच्या नेहमीच्या पद्धतीने काढलेले अ‍ॅव्हरेज कमी भरत होते. तथापि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील किलोमीटरच्या पाट्यांशी ओडोमीटर ताडून पाहिल्यावर असे दिसले की, गाडी प्रत्यक्षात जेवढी धावत होती त्यापेक्षा मीटर कमी अंतर मोजत होता.

याचे कारण सरळ आहे. ओडोमीटर अंतर मोजत नाही, तो फेरे मोजतो आणि प्रत्येक फेऱ्याला कंपनीने गृहीत धरलेला परीघ लावतो. परीघ पाच टक्क्यांनी वाढला की 105 किलोमीटर जाऊनही मीटरवर 100 च उमटतात. त्यामुळे मीटरवरून 16 चे मायलेज निघत असेल तर खरे मायलेज 16.8 असते, आणि चाके बदलल्यानंतर जी घट दिसते तिच्यातील एक हिस्सा केवळ कागदावरचा असतो. मोठ्या चाकांविषयीच्या पुष्कळशा तक्रारी हा हिशेब न करताच केल्या जातात. याच दोषाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, कारण स्पीडोमीटरही त्याच फेऱ्यांवर चालतो. कंपन्या त्यात काही अंश सुरक्षिततेसाठी वाढवून दाखवत असल्या तरी चाक मोठे होताच ती सवलत संपत जाते, आणि 100 किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या अटल सेतूवर काटा मर्यादेत असतानाही गाडी मर्यादेबाहेर असू शकते.

मीटरची दुरुस्ती करून उरणारी घट ही खरी घट होय. तिचे एक कारण वजन असून त्याबाबत मोठी अतिशयोक्ती प्रचलित आहे. चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीवरचे चार किंवा दहा किलो, असे टायरच्या दुकानांत सांगितले जाते. भौतिकशास्त्र तसे म्हणत नाही. फिरणाऱ्या वस्तूला पुढे ढकलण्याबरोबर फिरवण्यासाठीही ऊर्जा लागते हे खरे, परंतु सगळे वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला एकवटले तरी ही एकूण गरज दुपटीपर्यंतच जाते. प्रत्येक चाक चार किलोंनी जड झाले तर चारांचे मिळून 16 किलो वाढतात आणि वेग घेताना त्यांचा भार फार तर 32 किलोंसारखा जाणवतो. 900 किलोंच्या हॅचबॅकला तो एखाद्या मुलाला मागच्या सीटवर बसवण्याइतका होय. हा भार एकसारख्या वेगात जवळजवळ जाणवत नाही, पण दर सिग्नलला वेग घेऊन पुन्हा ब्रेक लावताना ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून तुर्भे–महापे पट्ट्यात त्याची किंमत पाम बीच मार्गापेक्षा जास्त पडते. व्यास वाढला असल्यास गिअरही ‘लांब’ होतात, पहिल्या गिअरमध्ये जोर कमी पडतो, आणि रांगेत हाफ क्लचवर गाडी ओढण्याची सवय वाढते.

अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने 2010 मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला 15 पासून 19 इंचांपर्यंतची चाके लावून चाचणी घेतली. तीत बाह्य व्यास फारसा न बदलताही मायलेज 23.3 वरून 21.1 मैल प्रति गॅलनवर, म्हणजे आपल्या मापात लिटरला सुमारे 9.9 किलोमीटरवरून 9 वर आले. सुमारे नऊ टक्क्यांची ही घट केवळ वजनाने समजावता येत नाही. टायर 195 वरून 235 मिलिमीटर रुंद झाला होता, आणि रुंद टायर हवेला अधिक अडवतो, शिवाय पकडीसाठी बनवलेल्या मऊ रबराचा असेल तर प्रत्येक फेऱ्यात दबून पूर्ववत होताना अधिक ऊर्जा गिळतो. या शेवटच्या विरोधाला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. उलट, बीएमडब्ल्यूने आय3 या विजेच्या गाडीला 19 इंचांची पण अवघी 155 मिलिमीटर रुंदीची चाके दिली, ती ऊर्जा वाचवण्यासाठीच. इंचांना दोष देण्याचे कारण नाही, हे यापेक्षा स्पष्ट कोणते उदाहरण दाखवील?

म्हणून ज्यांना चाके बदलायचीच आहेत त्यांनी आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेले माप घ्यावे, हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. ते शक्य नसल्यास एकूण व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, टायरचा भार-निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा, आणि दुकानात नवे रिम व जुने रिम दोन्ही वजनकाट्यावर ठेवायला लावावेत, कारण अलॉय म्हणजे हलके हे गृहीतक मोठ्या ओतीव रिमच्या बाबतीत अनेकदा खोटे ठरते. आखूड साइडवॉल पावसाळ्यातील खड्ड्यांत रिम वाकवते आणि टायरला फुगा आणते, हेही ध्यानात घ्यावे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या कलम 182अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची, अथवा दोन्हींची तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो, ते वेगळेच.

जुनी गाडी घेणाऱ्याने तर टायरवरचा आकडा दारालगतच्या पट्टीशी पडताळूनच सौदा करावा. 205/60 सारख्या मापावर कायम धावलेल्या गाडीच्या मीटरवर 50,000 किलोमीटर दिसत असतील तर ती प्रत्यक्षात 52,500 च्या आसपास धावलेली असते.