थोरांचा परिचय कसा जोडावा?

शिष्यवृत्ती, पुस्तके किंवा वसतिगृहातील जागा यांसाठी न्यासाकडे येणाऱ्या तरुणांची आणखी एक मागणी असते. 'अमुक साहेब आपल्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे माझ्यासाठी एक शब्द टाका.' ही मागणी गैर आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या समाजातील कित्येक घराणी या बडोदे नगरीत आली, ती कोणा आप्ताच्या वा स्नेह्याच्या आधारानेच आली. परंतु चिठ्ठीने दार उघडते. आत टिकून राहावयाचे ते स्वतःच्या कामावर. हे नीट ध्यानात यावे म्हणून याच नगरीत घडलेल्या एका स्नेहाचा अभ्यास या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण करू.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. १८८९ मध्ये ते श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या नोकरीत शिरले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे, राजपुत्रांना शिकवावयाचे, असे त्यांचे काम. त्या शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच रियासतीचे खंड वाढत गेले. 'मुसलमानी रियासत' १८९८ साली प्रसिद्ध झाली व पुढे 'मराठी रियासत' आली. कोणत्याही विद्यापीठाची प्राध्यापकी त्यांच्यापाशी नव्हती. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात केलेला हा उद्योग होता.

दुसरीकडे पाटण्यास प्राध्यापक जदुनाथ सरकार औरंगजेबाचा इतिहास लिहीत होते. ते वयाने सरदेसायांहून पाच वर्षांनी लहान. पण विद्वानांतील त्यांचे वजन वाढत जाऊन पुढे १९२६ ते १९२८ या काळात ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले व १९२९ मध्ये 'सर' झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दोघांचा संबंध जुळला, तो १९५८ साली सरकारांच्या निधनापर्यंत टिकला. दोघांमधील पत्रांची संख्या हजाराच्या वर गेली.

हा संबंध जुळला कसा? सरकारांचे फारशीवर प्रभुत्व होते. पण मराठ्यांच्या कागदांवाचून औरंगजेबाच्या दक्षिणेतील पंचवीस वर्षांचा उलगडा होणे कठीण होते. सरदेसायांपाशी मराठी साधनांची माहिती होती. त्यांना फारशी पुराव्याची उणीव भासत होती. एकाला जे हवे ते दुसऱ्यापाशी होते. यातून पहिला धडा असा की, मोठ्या माणसाकडे जाताना आपल्या ओंजळीत काय आहे ते आधी पाहावे. ते थोडे असले तरी चालेल; पण ते त्याच्या उपयोगाचे व आपल्या कष्टाचे असावे. नुसत्या स्तुतीची पत्रे मोठ्यांकडे रोज येतात.

दुसरा धडा मतभेदाचा आहे. सरकारांचे 'शिवाजी अँड हिज टाइम्स' १९१९ मध्ये निघाले. त्यातील मतांवर महाराष्ट्रात पुष्कळ टीका झाली. सरकार पुराव्याच्या बाबतीत कठोर. सरदेसायांच्या लेखनातील उणिवाही ते पत्रांतून दाखवीत. तरी स्नेह तुटला नाही, कारण दोघांचेही लक्ष विषयावर होते. थोराने आपल्या कामातील चूक दाखविली, तर तो आपल्याला गंभीरपणे घेत आहे असे समजावे. आपल्यालाही त्याचे मत पटले नाही, तर ते आदराने व पुराव्यासह सांगावे.

आता वशिल्याच्या प्रश्नाकडे येऊ. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे हजारो रुमाल दीर्घकाळ संशोधकांना मोकळे नव्हते. ते तपासून निवडक कागद छापावयाचे मुंबई सरकारने ठरविले, तेव्हा त्या कामासाठी जदुनाथांनी सरदेसायांचे नाव पुढे केले. पुण्यातील काही संशोधकांना ही निवड रुचली नाही. त्यांचेही त्या कागदांसाठी वर्षानुवर्षे प्रयत्न चालले होते. म्हणजे येथे थोराचा शब्द खर्ची पडला, हे आपण मान्य केले पाहिजे.

पण पुढे काय झाले ते पाहावे. सरदेसाई १९२५ मध्ये नोकरीतून निवृत्त झाले होते. साठी उलटलेल्या या गृहस्थाने मदतनिसांसह ते दफ्तर चाळले आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड छापून बाहेर काढले. आज मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक त्या खंडांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. शिफारस करणारा आपली पत गहाण ठेवतो. ती कामाने सोडवून देणे हे शिफारस घेणाऱ्याचे कर्तव्य होय. आम्ही कोणासाठी शब्द टाकताना कचरतो, त्याचे कारणही हेच आहे. एकाने कामात कुचराई केली, तर त्याच्यामागून येणाऱ्या दहा गरजू मुलांचे दार बंद होते.

यानंतर पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची माला या दोघांच्या संपादनाखाली १९३६ पासून निघू लागली. सीतामऊचे राजपुत्र रघुवीरसिंह हे सरकारांचे शिष्य. माळव्याच्या इतिहासावरील प्रबंधासाठी आग्रा विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. पुढे त्याच मालेत त्यांनीही संपादन केले. दोघांचा स्नेह असा तिसऱ्या तरुणाच्या उपयोगी पडला.

तरुण वाचकांनी हे व्यवहारात असे आणावे. ज्यांना भेटावयाचे त्यांचे काम आधी वाचावे. पहिले पत्र लहान असावे आणि त्यात एकच नेमका प्रश्न असावा. उत्तर आले तर त्याचा काय उपयोग झाला ते अवश्य कळवावे. न आले तर राग धरू नये. वर्षातून एकदा गरजेपुरती आठवण काढण्यापेक्षा, त्यांच्या उपयोगाचे काही हाती लागले की ते आपण होऊन पाठवावे. नोकरीची गोष्ट पहिल्या भेटीत काढू नये.

आणि न्यासाच्या ज्या ज्येष्ठ सभासदांना आपापल्या क्षेत्रात मान आहे, त्यांना आमची विनंती आहे. होतकरू मुलाचे पत्र आले तर दोन ओळींचे का होईना, उत्तर द्यावे. त्याचे काम पाहावे, उणे असेल ते सांगावे, आणि काम पटले तर शब्द टाकण्यास संकोच करू नये.