कोंबड्यांवर मर आली तर

घरातला बैल मेला तर चार माणसे विचारायला येतात. कोंबड्या मेल्या तर कोणी येत नाही. "कोंबड्याच त्या!" असे म्हणून गडीमाणसे शेताकडे निघून जातात. पण त्या घरातल्या बाईला विचारून पाहा. तिचे हात कामाला लागत नाहीत. संध्याकाळ झाली की ती सवयीने दाणे घेऊन दारात येते, आणि अंगणात कोणी धावत येत नाही.

धडगावच्या डोंगरात, आपल्या पाड्यांवर, कोंबडी म्हणजे बाईचा पैसा. शेतीचा पैसा गड्याच्या हातात येतो. आमचुराचा पैसा वर्षातून एकदाच येतो. कोंबडीचा पैसा मात्र अडीनडीला केव्हाही येतो. पोराला ताप आला, तेल-मीठ संपले, वही-पेन आणायचे झाले, की डालग्याखालचा एक कोंबडा बाजारात जातो. पाहुणा आला तर कोंबडा. देवाचे करायचे तर कोंबडा. असा हा बाईचा गल्ला. त्याला कुलूप नाही आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तो दोन-चार दिवसांत रिकामा झाला, तर तिला रडू येणारच. तिला कोणी हसू नये.

आधी नुकसान किती झाले ते नीट लिहून काढावे. आता तुम्हांला आकडे येतात, तर त्यांना कामाला लावा. समजा, घरात ६ कोंबड्या, २ कोंबडे आणि १५ पिल्ले होती. कोंबडीचे ४०० रुपये धरू, कोंबड्याचे ५०० आणि पिल्लाचे ५०. पाटीवर मांडा.

६ कोंबड्या — २४०० रुपये
२ कोंबडे — १००० रुपये
१५ पिल्ले — ७५० रुपये
एकूण — ४१५० रुपये

हे झाले दिसणारे नुकसान. न दिसणारे याहून मोठे आहे. एक कोंबडी वर्षातून दोनदा खुडूक बसली, आणि दर वेळी ५ पिल्ले जगली, तर एकीची १० पिल्ले होतात. सहा जणींची ६०. ती साठही गेली. बाईच्या डोळ्यांपुढे तीच असतात. गडीमाणसाने हा दुसरा हिशेब मुद्दाम करून पाहावा. म्हणजे "कोंबड्याच त्या" हे शब्द तोंडातून निघायचे नाहीत.

आता ही मर आहे तरी काय? पिल्ले मरण्याची कारणे पुष्कळ आहेत. घार उचलते, मुंगूस ओढून नेते, रानमांजर येते. पण घार एका दिवसात सगळे अंगण रिकामे करीत नाही. थोड्या दिवसांत पाडाच्या पाडा रिकामा झाला, तर बहुधा तो एकच रोग असतो. मराठीत त्याला मानमोडी म्हणतात. तुमच्या पावरीत, भिलीत त्याला तुमचा शब्द असेल, तोही पाटीवर लिहा. दवाखान्यात या रोगाला राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयातल्या एका गावाचे नाव. तिथे १९२७ च्या सुमारास आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून हे नाव पडले. रोग फक्त तिथलाच नाही. त्याच सुमारास इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावीही तो आला होता. साहेबाच्या कोंबड्याही अशाच माना मोडून मेल्या, बरं का.

रोगाची खूण अशी. कोंबडी अंग फुगवून एका कोपऱ्यात बसते. दाणा टिपत नाही. हिरवट पातळ हगते. चोच उघडी टाकून धापा टाकते. पंख लोंबतात, पाय लुळे पडतात, मान वाकडी होऊन मागे वळते. काही तर आदल्या संध्याकाळी चांगल्या असतात आणि सकाळी मेलेल्या सापडतात. लस न टोचलेल्या कोंबड्यांत हा रोग शिरला, तर दहातल्या आठ-नऊ मरतात, कधी दहाच्या दहा. त्यावर औषध नाही. बाजारात कोणी पुडी किंवा गोळी देऊन "हमखास उतार पडेल" म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूंनी होतो. विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत. त्याला आपणच उचलून आणतो. आजारी कोंबडीची विष्ठा, तिच्या नाका-चोचीतले पाणी, तिची पिसे, तिची आतडी, यांत तो असतो. पायाला, चपलेला, डालग्याला, पोत्याला चिकटून तो पुढच्या घरी जातो. रोग अंगात शिरल्यावर बहुधा पाच-सहा दिवसांनी कोंबडी आजारी दिसू लागते, कधी दोनच दिवसांत, तर कधी दोन आठवड्यांनी. म्हणजे बाजारात चांगला दिसलेला, तुरा ताठ असलेला कोंबडाही घरी रोग घेऊन येऊ शकतो.

म्हणून पहिली कोंबडी मेली की बोटांवर दिवस मागे मोजावे. आठ-पंधरा दिवसांत नवा कोंबडा कोणी आणला? बाजारातून न विकलेली कोंबडी परत घरी आली का? कोंबड्यांचा व्यापारी डालगे घेऊन पाड्यावर आला होता का? दुसऱ्या पाड्यावर मर चालू असताना तिथून कोणी कापलेला कोंबडा आणला का? त्याची पिसे, आतडी कुठे टाकली? कुत्र्याने ओढली का? इतके विचारले की बहुतेक वेळा वाट सापडते. कोणी वाईट केले म्हणून ही चौकशी करायची नाही. वाट कळली की ती बंद करता येते, एवढ्यासाठीच करायची.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, आणि म्हातारपणी तरी भीड धरू नये असे मला वाटते. गुरे मेली, कोंबड्या मेल्या, पोर दगावले, की आपल्या डोंगरात कधी कधी एखाद्या बाईकडे बोट दाखवतात. डाकीण म्हणतात. बहुधा ती विधवा असते, म्हातारी असते, एकटी असते. कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, आणि तो कोणाला तरी हवा असतो. कोंबड्या कशा मेल्या ते वर वाचलेत. त्यात कोणाची नजर कुठे आली? त्या म्हातारीच्या घरच्या कोंबड्याही मेलेल्याच असतात, हे कोणी पाहत नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, रोगराई पसरवते असे म्हणून तिला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होतो. पण कायदा पोलीस येतील तेव्हा येईल. पाड्यावरचे लोक आधीच तिथे असतात. ज्याला वाचता येते, त्याने अशा वेळी उठून सर्वांना या रोगाचे नाव सांगावे.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक हकीकत. तापीच्या पलीकडे, सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेवर नवापूर आहे. तिथे कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत तिथे कोंबड्या मरू लागल्या. पुष्कळांना वाटले, ही नेहमीची मानमोडी असेल. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथून उत्तर आले, हा बर्ड फ्लू आहे. भारतात हा रोग सापडण्याची ती पहिलीच वेळ. १८ फेब्रुवारीला सरकारने ते जाहीर केले. मग लाखांनी पक्षी मारून पुरले. त्यांत शेडमधले होते, तसे आसपासच्या गावांतले, अंगणातलेही होते. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांत निघाला. २०२१ साली नवापुरात तो पुन्हा आला.

या हकीकतीतून आपल्या कामाचे ते घेऊ. मानमोडी आणि बर्ड फ्लू डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत. मोठमोठ्या शेडवाल्यांना ते ओळखू आले नाही, तर तुम्हां-आम्हांला कसे येईल? मानमोडीने माणसाचे फार बिघडत नाही. झालेच तर डोळे लाल होतात. बर्ड फ्लूने माणूस मरू शकतो. २००६ साली नवापुरात कोणा माणसाला तो झाल्याचे आढळले नाही, ही समाधानाची गोष्ट. पण २०२१ साली आपल्या देशात एक मुलगा त्याने दगावला. म्हणून एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर दवाखान्याला कळवलेच पाहिजे. २००९ च्या कायद्याप्रमाणेही अशा रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीत सांगा, किंवा धडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. १९६२ या नंबरावर फोनही करता येतो. अर्थात आपल्या डोंगरात फोन लागायला टेकडी चढावी लागते, ते मला ठाऊक आहे.

काही लोक कळवत नाहीत. "सरकारी माणसे येतील आणि उरलेल्याही मारतील," अशी भीती असते. मानमोडी निघाली तर तसे मारत नाहीत. बर्ड फ्लू निघाला तर मारतात, आणि मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देतात. २०२१ साली अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीचे ९० रुपये ठरले होते. चारशेच्या कोंबडीला नव्वद, म्हणजे पोटभर नव्हे. हे अपुरे आहे, असे माझे मत आहे. पण आधीच मेलेल्या कोंबडीचे काहीच मिळत नाही. म्हणजे जो उशिरा सांगतो, त्याला नव्वदही नाहीत.

मर सुरू झाली की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो बाजाराचा. "उरलेल्या चार मरायच्या आत विकून टाकू." हा विचार येणे साहजिक आहे. गरिबाला चार कोंबड्या म्हणजे दीड हजार रुपये. पण त्या चार कोंबड्या बाजारातून चार पाड्यांवर जातील. पाच-सहा दिवसांनी तिथल्या बायका रडतील. कदाचित त्यांतला एक पाडा तुमच्या लेकीचा असेल. विकू नका. कोणाला भेट देऊ नका. मेलेली कापूनही खाऊ नका. घरात धान्य कमी असताना हे सांगणे सोपे नाही, आणि ऐकणे तर त्याहून अवघड. पण कापताना हाताला, विळ्याला, अंगणाला रोग लागतो, आणि तो बर्ड फ्लू असला तर जिवाशी गाठ.

मेलेल्या कोंबड्या उघड्या हाताने उचलू नयेत. हाताला प्लास्टिकची पिशवी आणि तोंडाला फडके बांधावे. नाल्यात तर मुळीच टाकू नयेत. आपला नाला खालच्या पाड्याचे पाणी असतो. विहिरीपासून, नाल्यापासून दूर, तीन हात खोल खड्डा करावा. कोंबड्यांवर चुना टाकावा, माती ओढावी, वर दगड ठेवावे, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. मग हातपाय साबणाने धुवावे. लहान मुले खड्ड्यावर फूल ठेवू म्हणाली तर ठेवू द्यावे. पिल्लू त्यांनी हातावर खेळवलेले असते.

खुराड्यातली घाण खरवडून ती पण पुरावी. बांबूचे जुने डालगे जाळून टाकावे. नवे विणायला दोन दिवस लागतात. खुराडे धुण्याच्या सोड्याने धुवावे, चुना मारावा, ऊन खाऊ द्यावे. मग निदान एक महिना त्यात नवी कोंबडी आणू नये. सावलीतल्या ओल्या घाणीत विषाणू बरेच दिवस टिकतो. एखादी कोंबडी वाचली, मान वाकडी राहिली, तरी तीही काही दिवस रोग सांडत असते. तिला वेगळी ठेवावी. त्या दिवसांतली अंडी खुडूक कोंबडीखाली मांडू नयेत.

हा महिना जड जातो. अंगण ओके ओके वाटते. नवसाचा कोंबडा गेला म्हणून जीव खालीवर होतो. नवस पुढच्या वर्षीही फेडता येतो. देव काही महिनाअखेरीस वसुलीला येत नाही.

महिन्यानंतर दोन कोंबड्या आणि एक कोंबडा एवढ्यावर सुरू करावे. जिथे वर्षभर मर आली नाही अशा पाड्यावरून आणाव्या, बाजारातून नको. आणल्यावर पंधरा दिवस वेगळ्या बांधाव्या. दोघींची वर्षाला १० प्रमाणे २० पिल्ले होतील. वनराज, गिरिराज अशा सुधारलेल्या जाती अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात. डोंगरात गावठीच बरी, असे मला वाटते. पिल्ले महिनाभर डालग्याखाली राखली तर घारीचे फावत नाही.

आणि लस. राणीखेतीवर औषध नसले तरी लस आहे. हिमालयातल्याच मुक्तेश्वर येथील सरकारी संस्थेत ती तयार झाली, आणि आजही तिच्यामुळे कोंबड्या वाचतात. पिल्लू सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन-अडीच महिन्यांचे झाले की पंखाखाली सुई. पुढे केव्हा टोचायची ते दवाखान्यात विचारून वहीत तारीख लिहून ठेवावी. आजारी पडल्यावर लस देऊन उपयोग नाही.

लसीची अडचण एकच. एका बाटलीत बहुधा शंभर कोंबड्यांपुरती लस असते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एकट्या बाईच्या आठ कोंबड्यांसाठी बाटली फोडून कसे चालेल? आपली घरे तर एक या टेकडीवर, दुसरे त्या टेकडीवर. म्हणून दहा-बारा घरांनी मिळून दिवस ठरवावा. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या डालग्याखाली कोंडाव्या. प्रत्येक घरच्या कोंबड्यांचा आकडा एका कागदावर लिहून दवाखान्यात आधी द्यावा. तो कागद तुमच्यापैकीच कोणीतरी लिहावा. पहाटे, ऊन चढायच्या आत, डालगी घेऊन सगळ्यांनी एका झाडाखाली जमावे. एकाने कोंबडी धरावी, दुसऱ्याने पंख उचलून धरावा, आणि तिसऱ्याने कागदावर खूण करावी.