पर्यटक तिकिटावरचा एक दिवस : अनुभवाचे बोल

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 'पर्यटक तिकीट' एक, तीन किंवा पाच दिवसांच्या मुदतीचे मिळते आणि त्या मुदतीत मध्य, हार्बर व पश्चिम या तिन्ही मार्गांवरील लोकल गाड्यांतून कितीही वेळा चढण्या-उतरण्याची मुभा असते. थोड्या पैशांत एवढे मोठे जाळे खुले होत असल्यामुळे रेल्वेप्रेमी, म्हणजे मुक्कामापेक्षा गाडी, रूळ आणि सिग्नल यांच्यासाठी प्रवास करणारा माणूस, एकाच दिवसात विरार, कसारा, खोपोली आणि पनवेल ही सगळी टोके गाठण्याचा बेत आखतो. हा बेत तडीस गेला, तरी प्रत्येक टोकाला उतरून परतीची गाडी पकडण्यातच दिवस सरतो आणि पाहायचे ते राहूनच जाते, असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून एका दिवसासाठी एकच मार्ग निवडावा, ही पहिली सूचना.

दुसरी सूचना तिकिटाच्या मर्यादांविषयी. साध्या लोकलचे हे तिकीट वातानुकूलित लोकलमध्ये, मेल-एक्स्प्रेसमध्ये किंवा नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीत चालत नाही. त्यामुळे कर्जतला मुंबईकडे जाणारी एक्स्प्रेस समोर उभी दिसली आणि वेळ वाचवण्यासाठी तिच्यात पाऊल टाकले, तर तिकीट तपासनीसाच्या लेखी तो प्रवास विनातिकीटच ठरतो. शिवाय केवळ जाऊन-येऊन करायचे असेल, तर साधे परतीचे तिकीट पुरते. पर्यटक तिकिटाचा खरा लाभ वाटेत उतरून पुन्हा चढणाऱ्यालाच होतो.

दिवस निवडतानाही विचार हवा. रविवारी रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड तारांच्या देखभालीसाठी काही तास ठरावीक मार्गावरची वाहतूक बंद ठेवतात किंवा वळवतात. याला 'मेगाब्लॉक' म्हणतात आणि त्याच्या वेळा आधी जाहीर होत असल्याने त्या पाहूनच निघावे. इतर दिवशी सकाळची गर्दी मुंबईकडे, म्हणजे 'अप' दिशेला, आणि संध्याकाळची उलट 'डाऊन' दिशेला असते. म्हणून सकाळी मुंबईहून कर्जतकडे निघून संध्याकाळी परतणाऱ्याला दोन्ही वेळा तुलनेने मोकळा डबा मिळतो.

एकच मार्ग निवडायचा, तर कर्जत-खोपोलीइतका भरगच्च मार्ग क्वचितच सापडेल. खोपोलीपर्यंत रूळ 1856 साली पोहोचले, तर बोरघाटातून गाडी 1863 साली धावू लागली. म्हणजे मधली काही वर्षे घाटाच्या पायथ्याचे हे ठिकाणच या बाजूचे अखेरचे स्थानक होते, आणि पुण्याच्या प्रवाशाला घाट अन्य वाहनाने चढावा लागे. आज ही एकेरी मार्गाची शाखा असून तिच्यावर लोकल मोजक्याच धावतात, त्यामुळे खोपोलीला उतरताच, स्थानकाबाहेर पडण्यापूर्वी, परतीच्या गाडीची वेळ टिपून घ्यावी.

कर्जतला मात्र सवडीने थांबावे. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना येथे मागून 'बँकर', म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिने, जोडली जातात. इंजिने अगदी सावकाश मागून येऊन शेवटच्या डब्याला टेकतात, कर्मचारी कपलिंग जोडतो, ब्रेकची तपासणी होते, आणि पुढच्या व मागच्या इंजिनांच्या शिट्ट्यांची देवाणघेवाण झाल्यावर गाडी दर 37 फुटांना एक फूट चढणाऱ्या घाटाकडे निघते. काही मिनिटांचे हे काम फलाटावरून नीट पाहिले, तर घाटातल्या रेल्वेची सारी अडचण आणि तिच्यावरची तोड एकदम ध्यानात येते.

हे पाहण्याच्या भरात रुळांवर उतरणे किंवा दारात लटकून चित्रण करणे जिवावर बेतू शकते. 1989 च्या रेल्वे कायद्यातील कलम 147 प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश आणि कलम 156 प्रमाणे पायरीवरून प्रवास हे दंडनीय अपराध आहेत. कर्मचाऱ्याने किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने छायाचित्रणास हरकत घेतल्यास वाद न घालता कॅमेरा आवरावा, कारण आज घातलेल्या वादाचा जाच उद्या येणाऱ्या रेल्वेप्रेमींना होतो.

कर्जत-खोपोली झाल्यावर दिवस उरला, तरी कसाऱ्याकडे धाव घेऊ नये. तेथील थळ घाटालाही स्वतंत्र दिवस द्यावा. तीन आणि पाच दिवसांची तिकिटे त्यासाठीच उपयोगी पडतात.