दुखरा दात आणि सुजलेला डोळा

लहान मुलाचा डोळा सुजला की घरातील मंडळी कीटकदंश, डोळे येणे किंवा मार लागणे यांचा विचार करतात. तोंड उघडून दात पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. वास्तविक वरच्या जबड्यातील किडलेला दात हेही या सुजेचे एक कारण असते.

वरच्या सुळ्याचे मूळ डोळ्याच्या खालच्या कडेच्या दिशेने गेलेले असते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीजवळ असतात आणि या पोकळीचे छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीचा तळ होय. मुलांची ही हाडे पातळ असतात. मुळाशी साचलेला पू हाड भेदून बाहेर पडला की दाब कमी होऊन ठणका थांबतो. घरच्यांना दात बरा झाला असे वाटते. परंतु त्याच वेळी जंतुसंसर्ग गालातून पापणीकडे सरकत असतो.

सूज पापणीपुरती असेल तर उपचार तुलनेने सोपे असतात. संसर्ग खोबणीत शिरल्यास मात्र दृष्टी, आणि क्वचित प्राणही, धोक्यात येतो. डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, तो हलविताना दुखणे किंवा न हलणे, अंधुक अथवा दुहेरी दिसणे, ताप व सुस्ती ही त्याची लक्षणे होत. अशा मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. शेक देण्यात किंवा दातात तंबाखू दाबण्यात वेळ घालवू नये. शिरेतून प्रतिजैविके देणे, सी. टी. स्कॅन करणे व गरजेप्रमाणे पू काढणे यांबरोबरच त्या दातावरही उपचार करावे लागतात. अन्यथा संसर्ग पुन्हा उद्भवतो.

आपल्या वनप्रदेशात ‘त्याच दिवशी’ पोहोचणेच कठीण असते. भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर दूर आहे आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटत आला आहे. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शासकीय दंत महाविद्यालयासाठी मात्र नागपूर गाठावे लागते.

म्हणून कीड लहान असतानाच दात भरून घेणे हाच खरा उपाय होय. ‘दुधाचा दात, पडणारच आहे’ असे म्हणून थांबू नये. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, आणि सहाव्या वर्षी येणारी दाढ तर कायमचीच असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते, तीत दातही पाहिले जातात. त्या तपासणीतून आलेली चिठ्ठी घरात पडून राहू नये, एवढी काळजी पालकांनी घ्यावी. आणि दवाखान्यापर्यंतच्या प्रवासखर्चास दात्यांनी हातभार लावावा. वेळेवर भरलेला एक दात एका मुलाची दृष्टी वाचवू शकतो.