नाकापेक्षा मोती जड

अगं, ट्रकचा रंग ठरला, लेदरच्या सीट ठरल्या, वरचं मोठं सनरूफसुद्धा ठरलं. आणि कॅम्पर कुठला घ्यायचा ते मात्र 'नंतर बघू'? हे उलटं चाललंय. साधं छोटं ट्रेलर ओढायचं असतं तर मी काही बोलले नसते. पण तुम्हाला हवंय फिफ्थ-व्हील: दोन पायऱ्या चढून वर झोपायची खोली, मोठा फ्रीज, बाहेर सरकणारे तीन स्लाइड-आउट कप्पे. हे घरच ओढायचं आहे. म्हणून आधी घर पक्कं कर. ट्रक कुठला, ते मग त्या घराचं वजनच सांगेल. तुझ्या नवऱ्याला इंजिनांचं वेड आहे, तो ऐकणार नाही, म्हणून तुलाच सांगतेय.

तो तुला जाहिरातीतला आकडा दाखवेल. 'बघ, हा वीस हजार पौंड ओढतो!' तो आकडा खोटा नसतो. एसएई जे-२८०७ नावाचं एक मानक आहे, त्याप्रमाणे चाचणी होते. ॲरिझोनात बुलहेड सिटीपासून वर चढणारा डेव्हिस डॅमचा सुमारे साडेअकरा मैलांचा चढ, बाहेर शंभर अंश फॅरनहाइट, आत एसी पूर्ण सोडलेला, आणि एवढं असून साध्या चार चाकांच्या ट्रकचा वेग ताशी चाळीस मैलांखाली जाता कामा नये. परीक्षा कडक आहे, मान्य. पण ट्रकमध्ये धरतात ती दोनच माणसं, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्या ट्रकमध्ये तुम्ही दोघं, दोन मुलं, कुत्रा, कूलर आणि तुझी ती कधीही रिकामी न होणारी पर्स. शिवाय सगळ्यात मोठा आकडा ज्या मॉडेलला मिळतो, ते मॉडेल तुम्ही घेणार नसता. तो आकडा छापायला चांगला असतो, एवढंच.

तू बघायचा आकडा वेगळाच आहे. ड्रायव्हरचं दार उघड. दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते, टायरच्या हवेचे आकडे असतात तीच. तिच्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा झाला पेलोड, म्हणजे ट्रकच्या पाठीवर किती वजन चालेल ते. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, नेमका त्याच ट्रकचा असतो. एकाच डीलरच्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला जुळ्या दोन ट्रकच्या चिठ्ठ्यांत पाचशे पौंडांचा फरक निघू शकतो. कारण फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन, सनरूफ, पॉवर सीट या सगळ्याचं वजन त्यातूनच वजा होतं. म्हणजे ट्रक जितका नटवावा, तितकी त्याची पाठ कमी उरते. सनरूफच्या नावाने मी नाक का मुरडतेय, कळलं ना?

आता फिफ्थ-व्हीलमध्ये ओढण्यापेक्षा पेलण्याला इतकं महत्त्व का? साधं ट्रेलर बंपरमागच्या गोळ्याला अडकतं आणि आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार ट्रकवर टाकतं. फिफ्थ-व्हीलची किंगपिन, म्हणजे पुढची अडकवायची खीळ, मात्र ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर किंवा जरा पुढे बसते आणि साधारण वीस ते पंचवीस टक्के भार टाकते. याला पिन वेट म्हणतात. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: माल फार पुढे गेला की गाडी धुरजड होते आणि बैलांची मान दबते, मागे राहिला की उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. म्हणून पिन वेट कमी करायला सामान मागे ढकलायची शक्कल कुणी सुचवली तर ऐकू नकोस. पुढचा भार हलका झाला की ट्रेलर हेलकावे खायला लागतं. पिनवर वजन हवंच, फक्त ते ट्रकला झेपायला हवं.

कागद घे. कॅम्परच्या माहितीपत्रकात दोन वजनं असतात, एक कोरडं आणि दुसरं पूर्ण भरल्यावरचं कमाल वजन, जीव्हीडब्ल्यूआर. डीलर कोरडं सांगतो. ते विसर. कोरड्या कॅम्परमध्ये पाणी नाही, गॅस नाही, कपडे नाहीत, कुकर नाही. पाण्याचा एक गॅलन सव्वाआठ पौंडांच्या वर भरतो, म्हणजे साठ गॅलनची टाकी भरली की पाचशे पौंड. आणि आपली माणसं कॅम्पिंगला जातात ती काय ब्रेड-सॉसेजवर राहणार? तांदळाची गोणी, मिक्सर, पोळपाट-लाटणं, कढई, डब्यांत भरलेली पिठं, भाजण्या. आमचे एक स्नेही दाण्याचं कूट करायला खलबत्तासुद्धा नेतात, दगडी. आणि हे सगळं ठेवायची मोठी जागा असते ती पुढच्या पोटात, म्हणजे बरोब्बर पिनच्या जवळ.

तेव्हा भरलेलंच वजन धर. तू पाठवलेल्या मॉडेलचं आहे १४,००० पौंड, म्हणजे जवळजवळ साडेसहा टन. त्याचे बावीस टक्के झाले ३,०८०. हौद्यात बसवायची हिच, म्हणजे पिन अडकवायची जोडणी, स्वतःच दीडशे-दोनशे पौंडांची, १८० धर. तुम्ही चौघं मिळून पाचशे. कुत्रा, कूलर, हत्यारांची पेटी वगैरे शंभर. झाले ३,८६०. आता हा आकडा त्या चिठ्ठीशेजारी ठेव.

एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० सारख्या हाफ-टन ट्रकचा प्रश्नच मिटला, त्यांची चिठ्ठी बहुतेक वेळा दोन हजारांच्या आतच असते. खरी फसगत होते ती त्यावरच्या वर्गात. एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५०० दिसायला दणकट, डिझेल इंजिनाची ताकद तर विचारू नकोस. पण चार दारं, फोर-व्हील ड्राइव्ह आणि डिझेल असं सगळं घेतलं की चिठ्ठीवर बऱ्याचदा दोन ते अडीच हजारच उरतात. इंजिन तो कॅम्पर हसत ओढेल. पाठ मात्र दीड हजार पौंडांनी कमी पडेल. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला डीलरकडच्या पोऱ्याने सांगितलं होतं, "मागे एअरबॅग टाका, झालं काम." एअरबॅगने, म्हणजे मागच्या स्प्रिंगजवळच्या हवेच्या पिशव्यांनी, दबलेला ट्रक सरळ उभा दिसतो, पण आस, चाकं, ब्रेक आणि चिठ्ठीवरचा आकडा होते तेच राहतात.

म्हणजे तुम्हाला वन-टन हवा. ३५० किंवा ३५०० वाला. त्यात मागे दोनच चाकं असलेला डिझेल ट्रक चार हजारांच्या मागेपुढे पेलतो, म्हणजे तुमचं गणित काठावर बसतं. मागे चार चाकं असलेली ड्युअली पाच हजारांच्या वर सहज जाते. रस्त्यावर वारा आला, शेजारून मोठा ट्रेलर सुसाट गेला, तरी ती हलत नाही. माझं मत ड्युअलीच्या बाजूचं आहे. पण तुला हा ट्रक रोज मुलांना शाळेत सोडायलाही लागणार असेल तर थांब. मागून ती जवळजवळ आठ फूट रुंद असते. कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये तू घाम पुसत बसशील, बरेचसे कार-वॉश तिला आत घेत नाहीत, आणि टायर बदलायचे तर सहा. तेव्हा एक तर ड्युअली घे, नाहीतर मागे दोनच चाकं असलेला वन-टन घेऊन कॅम्पर बारा हजारांच्या आसपासचा बघ. दुसरा पर्याय कमीपणाचा नाही. स्लाइड-आउट तीनऐवजी दोन असतील, एवढंच.

डिझेल की पेट्रोल, यावर घरात महाभारत होईल. केवळ आउटर बँक्सच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचं असतं तर मी पेट्रोल म्हटलं असतं: हजारो डॉलर वाचतात, इंजिन हलकं म्हणून पेलोडही वाढतो, आणि डीईएफ नावाच्या द्रवाची टाकी भरत बसावं लागत नाही. पण तुमचं स्वप्न कोलोरॅडोचं. तिथे आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता अकरा हजार फुटांवर जातो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे तीनेक टक्के ताकद गमावतं. वर पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गायब. डिझेलच्या टर्बोला ती विरळ हवा तितकी नडत नाही. आणि चढापेक्षा मला उताराची काळजी. डिझेलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो, तो इंजिनानेच गाडी धरून ठेवतो, पायाखालचे ब्रेक तापत नाहीत. तुमच्या केरीहून ॲशव्हिलला गेलात की परतीच्या वाटेवर ओल्ड फोर्टचा सहा टक्क्यांचा घाट उतरताना बघशीलच, ट्रक थोपवायचे रनअवे रॅम्प उगीच बांधलेले नाहीत. घाटाच्या डोक्यावरच वेग कमी करायचा, खालचा गिअर टाकायचा. मध्यावर आठवून उपयोग नाही.

हौदा लांब घे, आठ फुटी. साडेसहा फुटांच्या आसपासचा घेतलास तर घट्ट वळणावर कॅम्परचं नाक केबिनच्या मागच्या काचेवर येऊ शकतं. मग मागे सरकणारी स्लायडर हिच लागते. ती महाग आणि वजनदारही. कारखान्यातूनच फिफ्थ-व्हीलची प्रेप घे, म्हणजे हिचची भोकं, हौद्यातला सात पिनांचा प्लग आणि ब्रेक कंट्रोलर तयार मिळतात. हौद्याची भिंत आणि कॅम्परचा पुढचा पोटमाळा यांच्यात वीतभर, निदान सहा इंच जागा राहायला हवी. हल्लीचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक इतके उंच आहेत की ती राहीलच असं नाही. टेप घेऊन जा, लाजू नकोस.

आणि घेतल्यावर सामान भरून आधी वजनकाट्यावर जा. हायवेच्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं कागदावर छापून मिळतात. एकदा कॅम्परसकट, एकदा नुसता ट्रक. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं खरं पिन वेट. मागच्या आसाचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून बघ.

लायसन्सचंही विचारून ठेव. राज्याराज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात पंधरा हजार पौंडांवरच्या फिफ्थ-व्हीलला बिगरव्यावसायिक क्लास ए लायसन्स लागतं, आणि काहीही ओढत असाल तर वेग ५५ च्या वर न्यायचा नाही. तुमच्या डीएमव्हीत ट्रक आणि कॅम्पर दोन्हींचं कमाल वजन सांगून विचार, नुसतं 'कॅम्पर आहे' म्हणू नकोस.

उंचीसुद्धा मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेव. ही घरं बारा-तेरा फुटांच्या वर जातात. तुमच्या शेजारच्या डरममधला ग्रेगसन स्ट्रीटचा रेल्वे पूल माहीत आहे ना, अकरा फूट आठ इंचांचा? इतक्या ट्रकांची छपरं सोलली त्याने की लोक त्याला कॅन ओपनरच म्हणतात. २०१९ मध्ये उचलून बारा फूट चार इंच केला, तरी तुमचा कॅम्पर त्याखालून जाणार नाही. फोनमधला साधा नकाशा पुलाची उंची बघत नाही. आरव्हीसाठीचा जीपीएस घे, त्यात उंची आणि वजन भरता येतं.

रिव्हर्स घेणं रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिका, आणि दोघंही शिका. फिफ्थ-व्हील साध्या ट्रेलरपेक्षा हळू वळतं, पण एकदा वळायला लागलं की सरळ करायला जागा खातं. मागे उभ्या राहणाऱ्याने हातवारे करायचे नाहीत, फोन स्पीकरवर ठेवून बोलायचं. 'डावीकडे' म्हणजे कुणाची डावी, ते आधी घरी ठरवा. 'थांब' म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. बाकी काय बोललात ते कॅम्पग्राउंडभर ऐकू जातं हो, मराठीत असलं तरी सूर सगळ्यांना कळतो.