जुन्या जर्मन उघड्या मोटारीची पारख

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील व्यापारी घराण्यांस जर्मन मोटारीची पहिली ओळख झाली ती मालमोटारीच्या रूपाने. टेल्को कंपनीने १९५४ साली डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला व १९६९ पर्यंत त्या टाटा मर्सिडीज-बेंझ या जोडनावाने विकल्या. तीन टोकांचा तारा मिरविणाऱ्या त्या गाड्यांवर लादलेली धान्याची पोती प्रस्तुत लेखकाने बालपणी पाहिली आहेत. आता त्याच ताऱ्याची जुनी, कापडी टपाची, दोन आसनी मोटार एखादा दलाल आपल्या तरुण मंडळींस दाखवितो व 'अगदी जपलेली' असे सांगतो, तेव्हा वडीलधाऱ्यांस काय पाहावे हे ठाऊक असले पाहिजे, कारण रक्कम लहान नसते.

उदाहरणादाखल २३० एसएल, २५० एसएल व २८० एसएल ही मालिका घेऊ. ती १९६३ साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली व १९७१ पर्यंत चालली. तिन्ही प्रकार मिळून ४८,९१२ गाड्या बांधल्या गेल्या. तिचे वेगळे बसविण्याचे पक्के छप्पर मध्ये किंचित खोलगट असते, म्हणून शौकीन तिला पॅगोडा म्हणतात.

पोत्याच्या तोंडावरची वानगी पाहून आपण सौदा करीत नाही, सळई खुपसून तळाचा दाणा काढतो. येथेही तळच पाहावा. उघड्या गाडीस स्थिर छप्पर नसल्याने तिचा भार मुख्यतः दरवाजाखालील पोकळ पोलादी तुळयांवर असतो. त्या आतून गंजतात आणि वरून नवा रंग तसाच चमकतो! गाडी उचलून धरून दरवाजे उघडून-मिटून पाहावेत. फट कमीजास्त झाली अथवा दरवाजा अडकला तर तुळई खचली असे समजावे. लोहचुंबक लावून पाहिल्यास लांबीचा थर उघडकीस येतो. मात्र बॉनेट, डिकीचे झाकण व दरवाजांचा बाहेरील पत्रा मुळातच ॲल्युमिनियमचा आहे. तेथे चुंबक न चिकटल्यास विक्रेत्यावर उगाच आळ घेऊ नये.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सांगाड्याचा क्रमांक २३० ला ११३०४२, २५० ला ११३०४३ व २८० ला ११३०४४ असा सुरू होतो. पुढील दोन अंक १० वा १२ असतील तर सुकाणू डावे, २० वा २२ असतील तर उजवे. हा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कारखान्याचे मूळ नोंदपत्रक व आपल्याकडील नोंदणीपुस्तक ही चारही जुळली पाहिजेत. जुळत नसल्यास खरेदी-वही व माल यांत तफावत निघाली असे मानावे. गाडी परदेशातून आली असल्यास जकातीचे कागदही मागावेत.

फार दिवस उभी राहिलेली गाडी स्वस्त वाटते. पण तिची टाकी गंजलेली व पेट्रोल फवारणारा बॉशचा यांत्रिक पंप अडकलेला असू शकतो, आणि त्याची दुरुस्ती खर्चिक आहे. सहाही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा.

चोख इतिहासाची किंमत किती होते? १९३६ च्या एका ५४० के उघड्या मर्सिडीजने अमेरिकेत एका गॅरेजात सुमारे तीस वर्षे काढली होती. २०१२ साली कॅलिफोर्नियातील लिलावात ती १ कोटी १७ लाख ७० हजार डॉलरांस गेली. तेवढ्या रकमेत गव्हाच्या किती वाघिणी भरतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

शेवटी कायदा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी मोटारीस 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात. पॅगोडाच्या शेवटच्या गाड्याही आता या वयात बसतात. परंतु अशी गाडी नित्य वापरास चालत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज मंडीस जाण्याच्या हेतूने कोणी ती घेऊ इच्छीत असेल, तर बयाणा देण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी.